साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली मेंदूची गाठ आधी काहीच त्रास न देता थेट रक्तस्रावानेच कळते का?

हो, कळू शकते, आणि याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे पिट्युटरी ग्रंथीची गाठ. ही ग्रंथी वाटाण्याएवढी, नाकाच्या मागे कवटीच्या तळाला हाडाच्या छोट्या खळग्यात बसलेली असते, त्यामुळे आतल्या गाठीत रक्त उतरलं की फुगायला जागाच नसते, वर आणि बाजूला डोळ्यांच्या नसा असतात त्या दाबल्या जातात आणि मग एकदम भयंकर डोकं दुखणं, उलट्या, एकाचे दोन दिसणं, पापणी खाली पडणं असं सुरू होतं. याला पिट्युटरी अ‍ॅपोप्लेक्सी म्हणतात, बऱ्याच पेशंटना आपल्याला गाठ आहे हे तेव्हाच पहिल्यांदा कळतं. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे कधीकधी सुटतं, एमआरआयमध्ये नीट दिसतं. प्लीज मायग्रेन समजून गोळी घेऊन झोपू नका, कारण कॉर्टिसोल (या ग्रंथीच्या हुकमावर तयार होणारं, बीपी टिकवणारं हार्मोन) अचानक कमी झालं तर बीपी कोसळून जीवावर बेततं, लगेच स्टिरॉइडचं इंजेक्शन लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा. मात्र बहुतेक साध्या गाठींतून रक्तस्राव होत नाही, मेनिन्जिओमात (मेंदूच्या आवरणाच्या गाठीत) तर क्वचितच, त्या हळूहळू वाढतात आणि फिट, डोकेदुखी किंवा नजर कमी होणं यावरून कळतात.