वाचक विचारतात : जुन्या ब्रिटिश गाड्यांची हेड ओळखायची कशी?

प्रश्न : माझ्याकडे बीएसए बी३१ ही मोटारसायकल असून तिच्या इंजिन क्रमांकाची सुरुवात ‘झेडबी३१’ अशी आहे. हेडला (सिलिंडरच्या माथ्यावरच्या भागाला) व्हॉल्वच्या सीटपासून (झडप टेकते त्या कड्यापासून) प्लगच्या भोकापर्यंत तडा गेला आहे. मिरजेतील एका भंगारवाल्याकडे बीएसएचे हेड मिळते आहे व त्यावर ६५ने सुरू होणारा ओतीव (साच्यातच उमटलेला) क्रमांक आहे. ते माझ्या गाडीला बसेल, असे समजून घ्यावे का?
– एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)

उत्तर : केवळ त्या क्रमांकावर विसंबून पैसे मोजू नयेत. बीएसएच्या सुट्या भागांच्या यादीत ६५ हा आकडा बी३१, बी३३ आणि गोल्ड स्टार या साऱ्या घराण्याचा आहे. ६६ हा एम२० व एम२१चा, तर ६७ हा ए७ व ए१० या जोड-सिलिंडर गाड्यांचा. म्हणजे ६५ वरून घराणे कळते, गाडी कळत नाही. शिवाय हेडवर ओतलेला क्रमांक हा त्या ओतिवाचा असतो. तो यादीतील क्रमांकाशी जुळेलच असे नाही, आणि एकाच ओतिवावर निरनिराळे मशिनिंग करून ते निरनिराळ्या मॉडेलना वापरलेले असू शकते. आपल्या इंजिन क्रमांकाचेही तसेच आहे. ‘झेडबी’ ही अक्षरे १९४९च्या मॉडेलपासून दिसतात खरी, पण तो क्रमांक क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या कवचावर) ठोकलेला असतो, आणि मधल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत वरचे हेड कोणी कधी बदलले याची नोंद तो ठेवत नाही.

आपल्या बाबतीत खरा धोका बी३३च्या हेडचा आहे. बी३१चा बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ७१ मिलिमीटर व स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८८ मिलिमीटर, म्हणजे ३४८ सीसी. बी३३चा स्ट्रोक तोच, पण बोर ८५ मिलिमीटर, म्हणजे ४९९ सीसी. भंगाराच्या ढिगात, काजळी व गंज चढलेल्या अवस्थेत ही दोन हेड सरावलेल्या मिस्त्रीलाही चकवतात. म्हणून हेड उलटे करावे आणि ज्वलनकक्षाच्या तोंडाचा व्यास व्हर्निअरने मोजावा. तो ७१च्या आसपास न येता ८५च्या आसपास आला, तर चारही बाजूंनी ७-७ मिलिमीटरची पायरी राहील, गॅस्केटची आतली कड ज्वाळेत उघडी पडेल आणि कॉम्प्रेशन (पिस्टनने वायू दाबण्याचे प्रमाण) पार उतरेल.

व्यास जुळल्यानंतर ब्लॉकचा (पिस्टन ज्यात फिरतो त्या भागाचा) छाप घ्यावा. ब्लॉकच्या स्वच्छ पुसलेल्या माथ्यावर जाडसर कागद ठेवून वरून काळे ग्रीस लागलेले बोट फिरवले, की बोरची कड, स्टडची भोके आणि पुशरॉडची (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याची) वाट यांचा ठसा कागदावर स्पष्ट उमटतो. त्यांतील एखादे भोक नेमके कापून खूण करावी, म्हणजे कागद सरकला तर कळते. हाच कागद, हेडच्या बाजूने छाप उलटा होतो हे ध्यानात ठेवून, नव्या हेडच्या बुडाला लावून पाहावा. ब्लॉकच्या तोंडाशी उंच कडा असेल, तर तिचा व्यास व उंची वेगळी मोजावी, कारण ती कागदावर दिसत नाही. रॉकर बॉक्सची बैठक, प्लगच्या आट्यांची लांबी आणि कार्ब्युरेटरच्या फ्लँजमधील अंतरही तेव्हाच तपासून घ्यावे.

कॉम्प्रेशनचा हिशेबही घरी करता येतो. बी३१चे प्रमाण ६.५ धरले, तर त्यातून १ वजा करून ३४८ला ५.५ने भागून पिस्टन वर असताना सुमारे ६३ सीसी जागा उरली पाहिजे. हेड बसवून, पिस्टन माथ्यावर आणून, दोन्ही व्हॉल्व बंद असताना प्लगच्या भोकातून बरेटने (मापाच्या खुणा असलेल्या नळीने) पातळ तेल सोडावे आणि भोकाच्या तळापर्यंत किती सीसी मावते ते पाहावे. आकडा बराच कमी आला, तर हेड पूर्वी कोणीतरी वाजवीपेक्षा जास्त फेस केलेले (बूड घासून सपाट केलेले) आहे. खरेदीपूर्वी मात्र रॉकेलची परीक्षा पुरते : व्हॉल्व व प्लग लावून ज्वलनकक्षात रॉकेल भरावे आणि पोर्ट (वायू आत-बाहेर जाण्याच्या वाटा) आतून ओलावतात का ते पाहावे. व्हॉल्वच्या कडेने पाझर असेल तर सीट घासून भागते. सीटच्या मागून पाझर असेल तर ते हेड तिथेच ठेवून यावे.

आटे हा स्वतंत्र विषय आहे. या गाड्यांवर जुने ब्रिटिश आटे असतात. अडीच सुती (५/१६ इंची) स्टडवर सायकल आटा असेल तर इंचाला २६, बीएसएफ असेल तर २२ आणि व्हिटवर्थ असेल तर १८ आटे असतात. आपल्याकडच्या गॅरेजांत ८ मिलिमीटरचा बोल्ट ‘बसतो की’ म्हणून ठोकून फिरवला जातो आणि नंतर हेडला हेलिकॉइल (झिजलेल्या आट्यांत बसवायची तारेची गुंडाळी) बसवायची पाळी येते. आटामापी वापरावी, ती स्वस्त असते, हेड नसते.

प्रश्न : १९५७च्या ट्रायम्फ ६टी गाडीसाठी परदेशातून ६५० सीसीचे हेड देऊ केले जात आहे. छायाचित्रात नऊ बोल्टची भोके दिसतात. घ्यावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घेऊ नये. आपल्या गाडीचे इंजिन व गिअरबॉक्स वेगवेगळे आहेत आणि त्या काळच्या ६५०च्या हेडला आठ बोल्ट असतात. १९६३ साली इंजिन-गिअरबॉक्स एकत्र झाले, क्रमांक ‘डीयू’ने सुरू होऊ लागला आणि दोन सिलिंडरांच्या मध्ये नववा बोल्ट आला, १९७३च्या ७५०ला दहा झाले. आपल्या ब्लॉकमध्ये त्या नवव्याला जागाच नाही. आठ बोल्टचे हेड मिळाले, तरी इनटेक पोर्ट एक आहे की दोन हे पाहावे, कारण १९५९पासूनच्या बॉनव्हिलला दोन कार्ब्युरेटर असल्याने तिचे पोर्ट फाकलेले असतात.

प्रश्न : लष्कराच्या जुन्या बीएसए एम२०चे हेडही असेच पारखून घ्यावे लागते का?
– एक वाचक, अपशिंगे (जि. सातारा)

उत्तर : काम त्यामानाने सोपे आहे. साइड व्हॉल्व इंजिनात व्हॉल्व ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे हेड म्हणजे एक जड झाकणच. एम२० व ५९१ सीसीची एम२१ या दोहोंचा बोर ८२ मिलिमीटर आहे. फरक स्ट्रोकचा, ९४ आणि ११२. त्यामुळे हेड बसले तरी कॉम्प्रेशन तेच राहील असे नाही. बुडाखाली सरफेस प्लेट (अचूक सपाट पाटा) व फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून ते वाकलेले नाही ना, एवढे आधी पाहावे.