रोजच्या धबडग्यात आणि बातम्यांच्या माऱ्यात हसण्यासारखं कसं शोधावं?

तुमचा प्रश्न असा आहे: दिवस सगळे एकसारखेच जातात, बातम्या उघडल्या की मन खट्टू होतं, तरीही काही जणांना त्यातच हसण्यासारखं आणि विचार करण्यासारखं काहीतरी सापडतं. ही उपजत देणगी आहे की शिकता येतं?

थोडी देण असेलही, पण मोठा भाग सवयीचा आहे आणि सवय लावता येते. सुरुवात वहीपासून करा. रोज झोपण्यापूर्वी त्या दिवसातल्या तीन गमतीदार गोष्टी लिहायच्या, आणि प्रत्येकीखाली ती अशी का घडली हे एका वाक्यात लिहायचं. सलग सात दिवस. झुरिक विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी हाच व्यायाम तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. आठवडाभर तो करणाऱ्यांचं समाधान वाढलं, आणि ते नंतरही काही महिने टिकलेलं दिसलं.

यात लोक गाळतात ते नेमकं ‘का’चं वाक्य. माझ्या मते सगळं सार त्यातच आहे. समजा, एका इमारतीत पाटी लागली आहे: ‘लिफ्ट बंद आहे. तक्रार असल्यास सातव्या मजल्यावरील कार्यालयात भेटावे.’ बहुतेकांच्या वहीत याची नोंद अशी होते: ‘लिफ्टची पाटी वाचून हसू आलं, काय कारभार आहे!’ ही नोंद महिन्याने वाचली तर काहीच हाती लागत नाही, कारण तिच्यात मत आहे, वस्तू नाही. पाटीचा मजकूर शब्दशः उतरवा. ती छापील होती की हाताने लिहिलेली, तारीख कधीची होती, खाली कोणी पेन्सिलने काही खरडलं होतं का, हेही लिहा. मग दिसतं की दोन्ही वाक्यं सुटी वाचली तर बिनचूक आहेत. गंमत फक्त ती शेजारी आल्यामुळे झाली आहे.

आता ‘का’. बहुधा सूचनेचा साचा जुना असतो. ‘पाणी बंद आहे’ असो की ‘रंगकाम चालू आहे’, दुसरं वाक्य तेच. कोणीतरी घाईत पहिलं वाक्य बदललं आणि दुसरं तसंच राहिलं. शिवाय ज्याने ती लावली, तोही त्या दिवशी सात मजले चढूनच कामाला बसला असणार. इथे चिडीची जागा समजुतीने घेतली. रोजच्या गोष्टींतला अर्थ मला बहुतेक वेळा असाच सापडताना दिसतो, मुद्दाम वेगळा शोधावा लागत नाही.

शब्द मात्र तासाभरात टिपा, नंतर ते निसटतात. फोनवर चार शब्द पुरतात, रात्री वहीत सविस्तर लिहा. आणि नोंदीत मीठमसाला घालू नका. एकदा भर घालायची सवय लागली की नजर जे घडलं ते सोडून जे शोभेल ते बघू लागते.

कुठे बघायचं? विनोद शोधायला जाऊ नका, बोलणं ऐका. रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाने रोजच्या संभाषणांतले सुमारे १२०० हसण्याचे प्रसंग नोंदवले. त्यांतल्या जेमतेम १० ते २० टक्के हसण्याआधी विनोद म्हणता येईल असं काही होतं. बाकीचं हसू ‘बरं, निघते आता’ असल्या साध्या वाक्यांवर आलेलं. अर्ज, जाहीर सूचना, रांगेतली कुजबुज, मुलांचे प्रश्न यांत भरपूर मिळतं. गंभीर सूर आणि क्षुल्लक बाब, किंवा नियम आणि त्यातून वाट काढणारा माणूस, अशा जोड्यांवर लक्ष ठेवा.

चालू घडामोडींचं गणित वेगळं आहे. तिथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: विनोदाची वेळ आणि त्याचा रोख, म्हणजे तो कोणावर आहे. २०१२ मध्ये अमेरिकेला सँडी वादळाचा तडाखा बसला, तेव्हा त्यावरचे विनोद लोकांना कधी किती गमतीचे वाटतात हे संशोधकांनी वेळोवेळी विचारून पाहिलं. वादळानंतर साधारण १५ दिवसांनी ते सर्वांत कमी रुचले, ३६ दिवसांच्या आसपास सर्वांत जास्त, आणि पुढे त्यांची धार हळूहळू गेली. ताजी जखम असेल तर थांबा. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यावर विनोद कधीच नको. त्याचा रोख निर्णय, भाषण, फाइल, खुलासा यांच्याकडे असावा.

नुसत्या मथळ्यांवरून काही सापडत नाही. बातमी शेवटपर्यंत वाचा; विसंगती बहुतेक वेळा शेवटच्या दोन परिच्छेदांत असते. एखाद्या जबाबदार व्यक्तीने दिलेली मुदत तारखेसह वहीत लिहा आणि सहा महिन्यांनी ते पान उघडा. दोन विधानं शेजारी आली की आपली टिप्पणी लागतच नाही. दिवसभर फोनवर येणाऱ्या सूचना बंद ठेवा आणि दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं बसून बातम्या वाचा. सतत टोचत राहिलेल्या मनाला फक्त संताप सुचतो.

विनोदाचा प्रकारही बघा. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या: माणसं जोडणारी, स्वतःला सावरणारी, दुसऱ्याला बोचणारी आणि स्वतःलाच कमी लेखणारी. आठवड्याच्या २१ नोंदींपुढे यांतली कुठली ते लिहा. शेवटच्या दोन जास्त भरल्या तर वही मदत करण्याऐवजी कडवटपणा साठवते आहे. तेव्हा पुढचा आठवडा फक्त वस्तू आणि पाट्यांवर लिहा, माणसांवर नको. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, तर मात्र वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा.

परिस्थिती खरोखर भीषण असताना हे जमतं का, ही शंका रास्त आहे. व्हिक्टर फ्रँकल हे मनोविकारतज्ज्ञ नाझी छळछावणीत कैदी होते. तिथे सोबत काम करणाऱ्या मित्राशी त्यांनी करार केला होता की दोघांनी एकमेकांना रोज किमान एक गमतीदार गोष्ट रचून सांगायची. अट एवढीच, की ती सुटकेनंतर घडू शकेल अशी असावी. मला ही अट फार मोलाची वाटते, कारण गोष्ट रचायची तर आधी उद्या आहे असं धरून चालावं लागतं.

करारासाठी दुसरं माणूस लागतंच. म्हणून सातव्या दिवशी वहीतली एक नोंद, तिच्या ‘का’सकट, कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारा मध्येच ‘थांब, आमच्याकडे तर...’ म्हणाला, की पुढच्या आठवड्याची पहिली नोंद तिथेच मिळते.