स्पेंटवॉशचा फुकट टँकर शेतात घ्यावा का?

गाळप हंगाम रंगात आला की आमच्याकडे येणाऱ्या फोनचा विषयही बदलतो. हुमणी, खोडकिडा मागे पडतात आणि डिस्टिलरीतून निघणाऱ्या काळपट पाण्याबद्दल, म्हणजे स्पेंटवॉशबद्दल, विचारणा सुरू होते. या खेपेचे प्रश्न त्यातलेच आहेत.

प्रश्न : माझी काळी जमीन आहे, आडसाली (दीड वर्षाचा) ऊस आहे. स्पेंटवॉश म्हणजे पातळ पोटॅशच, असं सांगून टँकरवाला फुकट टाकून द्यायला तयार आहे. घेऊ का?

उभ्या उसात तर अजिबात घेऊ नका. पडीक रानात घ्यायचा विचार असेल तर पहिला प्रश्न टँकरवाल्याला करा : कच्चा आहे की डायजेस्टरमधून (बायोगॅसच्या बंद टाकीतून) आलेला?

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश निघतो. कच्चा असतो तेव्हा तो गरम आणि आंबट, सामू (पीएच) चारच्या आसपास. त्याचा बीओडी लिटरला 40 ते 50 हजार मिलिग्रॅमच्या घरात असतो. बीओडी म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू. हे पाणी जमिनीत मुरलं की जिवाणू मातीतला सगळा प्राणवायू ओढून घेतात आणि पांढरी मुळी गुदमरते. ऊस पिवळा पडला म्हणून मग तुम्ही युरिया टाकता, तो वाया जातो.

डायजेस्टरमध्ये बायोगॅस निघून गेल्यावर बीओडी पाच-आठ हजारांवर येतो, सामू सातच्या पुढे जातो. पण रंग जात नाही, क्षार जात नाहीत आणि पोटॅशही जात नाही. टँकरवाला म्हणतो ते अर्धं खरं आहे ते इथे.

आता पोटॅशचा हिशेब करू. अशा पाण्यात पोटॅश कारखान्यागणिक कमी-जास्त असतं, पण एक टक्का धरून चाला. दहा हजार लिटरच्या एका टँकरमधून 100 किलो पोटॅश आलं. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्र, 170 किलो स्फुरद, 170 किलो पालाश (म्हणजेच पोटॅश) अशी आहे, म्हणजे एकरी पालाश झालं 68 किलो. एका एकराची पूर्ण पिकाची गरज एका टँकरच्या आतच भागली! टँकरवाला मात्र एका टँकरवर थांबत नाही, कारण त्याला तुमच्या उसाची नाही, कारखान्याच्या भरलेल्या लगूनची (स्पेंटवॉश साठवायच्या तळ्याची) काळजी आहे. एकरी पाच टँकर पडले तर 500 किलो पोटॅश आणि त्यासोबत क्लोराइड, सल्फेट, सोडियम. निचरा नसलेल्या काळ्या रानात हे क्षार जाणार कुठे? वाळवा, मिरज, शिरोळ भागात चोपण (क्षारांनी नापीक) झालेली रानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पोटॅशच हवं असेल तर त्याची सरळ वाट आहे. स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळला की राखेत पोटॅश उरतं. त्या राखेपासून केलेलं, किमान 14.5 टक्के पालाश असलेलं दाणेदार खत पीडीएम (मळीपासूनचं पोटॅश) नावाने मिळतं आणि 2021 पासून ते केंद्राच्या अनुदान योजनेत आहे. गोणीवर टक्केवारी छापलेली असते. टँकरवर काय छापलेलं असतं?

प्रश्न : पाटाच्या पाण्यात थोडा थोडा मिसळून सोडला तर चालेल ना?

सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या सांडपाण्याच्या बीओडीची मर्यादा लिटरला 100 मिलिग्रॅम आहे. 45 हजारांचा कच्चा स्पेंटवॉश तिथवर आणायला एका टँकरमागे साडेचारशे टँकर चांगलं पाणी लागेल. एवढं पाणी तुमच्याकडे असेल तर ते उसालाच द्या. शिवाय पाणी मिसळलं म्हणजे प्रक्रिया झाली असं होत नाही. घाण तेवढीच राहते, फक्त जास्त रानभर पसरते.

प्रश्न : इटलीत ऑलिव्ह तेलाच्या घाण्याचं असंच काळं पाणी कायद्याने शेतात टाकतात असं वाचलं. मग आपल्यालाच का अडवता?

नेवाशाच्या एका तरुण शेतकऱ्याचा हा प्रश्न मला आवडला, कारण वाचलेलं खरं आहे. ऑलिव्हच्या पाण्यातही पोटॅश भरपूर, सेंद्रिय भार प्रचंड. वर फिनॉल असतात, ते बियाण्याची उगवण मारतात. इटलीने 1996 साली 574 क्रमांकाचा कायदा करून ते पाणी शेतात द्यायला परवानगी दिली. पण कशी? जुन्या दाब-घाण्याचं असेल तर हेक्टरी वर्षाला 50 घनमीटर, सलग चालणाऱ्या यंत्राचं असेल तर 80. आपल्या मापात एकरी 20 हजार आणि 32 हजार लिटर, त्यापुढे नाही. भूजल दहा मीटरच्या आत असेल तिथे बंदी, भाजीपाल्याच्या उभ्या पिकात बंदी, पाणी साचलेल्या रानात बंदी. आणि टाकण्याआधी तीस दिवस कृषितज्ज्ञाच्या अहवालासह गावच्या महापौराला कळवायचं. आपल्याकडे टँकर रात्री अकराला येतो आणि ड्रायव्हर नाव सांगत नाही. दाखला घ्यायचा तर पूर्ण घ्या.

स्पेनने तर वेगळीच वाट धरली. नव्वदच्या दशकात तिथल्या बहुतेक घाण्यांनी यंत्रंच बदलली. तेल काढताना वरून पाणी घालणं जवळपास थांबवलं, त्यामुळे काळं पाणी नावापुरतं उरलं. ओला चोथा वाढला, त्याची वेगळी डोकेदुखी झाली, पण नद्या वाचल्या. आपल्या डिस्टिलरींनाही 2003 च्या केंद्राच्या पर्यावरण सनदेने 2005 अखेर नदीनाल्यात काही न सोडण्याची मुदत दिली होती. त्यासाठी आटवणे, जाळणे किंवा प्रेसमडवर (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर) फवारून कंपोस्ट करणे हे मार्ग आहेत.

कंपोस्टचं विचारलंच आहे एकाने, तर एवढंच : घ्या, पण पूर्ण कुजलेलं घ्या. मुठीत धरल्यावर गरम लागलं किंवा आंबूस वास आला तर परत पाठवा.

प्रश्न : ओढ्याला काळं पाणी आल्यापासून विहिरीचं पाणी चहासारखं झालंय. काय करू?

पिणं आणि जनावरांना पाजणं आजच थांबवा. तुरटी फिरवून किंवा उकळून हा रंग जात नाही, क्षारही जात नाहीत.

मग नमुना. स्वच्छ कॅन त्याच पाण्याने दोनदा विसळून तोंडापर्यंत भरा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. उशीर झाला की बीओडी घटतो आणि अहवाल समोरच्याच्या फायद्याचा निघतो. विहिरीचा, ओढ्याचा आणि ओढ्याच्या वरच्या अंगाचा असे तीन वेगळे नमुने घ्या. शेवटचा सगळे विसरतात, आणि घाण कुठून आली हे त्याच्याशिवाय सिद्ध होत नाही.

स्वतः काढलेला नमुना तुमच्या माहितीसाठी. तक्रारीसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्यांच्या अधिकाऱ्याकडून नमुना घ्यायला लावा, तलाठ्याकडे पंचनाम्याची मागणी करा आणि पोच जपून ठेवा. 1974 च्या जल कायद्याचं कलम 24 नदीनाल्यासोबत विहीर आणि जमिनीलाही लागू आहे. म्हणजे तुम्ही खुशीने टँकर रिकामा करून घेतला आणि शेजाऱ्याची विहीर नासली तर प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. नुकसानभरपाईसाठी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठाकडे घटनेपासून पाच वर्षांच्या आत जाता येतं.

उगम बंद झाल्यावरच विहीर उपसा. आधी उपसलीत तर बाजूचं घाण पाणी आणखी जोराने आत ओढलं जाईल. आणि उपसलेलं पाणी पुन्हा ओढ्यात नको. पड रानात पातळ पसरा, आठवड्याने नांगर घाला आणि लागणीआधी त्या रानाचा सामू आणि क्षारता तपासून घ्या.