पेट्रोल पंपाशेजारी काळा पाइप टाकताना

अरे, पाइपला चीर नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. एचडीपीई या प्लास्टिकचा पाण्याचा काळा पाइप अखंड असला तरी मातीत झिरपलेल्या पेट्रोलमधलं बेंझीन, टोल्युइनसारखं विषारी रसायन त्याच्या भिंतीत विरघळतं आणि हळूहळू आत उतरतं. पाण्याचा दाब त्याला अडवत नाही. इंदूरच्या देवास नाक्याकडे गॅरेजांच्या ओळीत खणलंस की आधी माती हुंगून बघ. पेट्रोल-डिझेलचा वास आला तर प्लास्टिक नकोच. डक्टाइल आयर्न (चिवट ओतीव लोखंड) टाक, सांध्यांना रबर नायट्राइलचं, म्हणजे तेल-पेट्रोलला टिकणारं. (साध्या रबरातूनही शिरतंच.) पीव्हीसी जरा दमदार, पण सॉल्व्हेंट (विरघळवणारं रसायन) फार मुरलेल्या जमिनीत तोही मऊ पडतो. इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. मधल्या वेळात पाइपात साचलेल्या पाण्यात हे रसायन जास्त उतरतं, म्हणून ते पहिलं पाणी पिण्याला भरू द्यायचं नाही. गिऱ्हाईक म्हणेल, लोखंड महाग पडतं. पडू दे.