गडगा सरकला, बांध कोरला, शेजारी ऐकत नाही

पावसाळा संपला की मला येणारे प्रश्न बदलतात. जून ते सप्टेंबर वारस नोंद, फेरफार, सातबाऱ्यावर नाव चुकलंय असलं सगळं, आणि दसरा उलटला की एकदम कुंपण सुरू. पावसात गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं, बसतात, बांध वाहतात, गवत वाळून खाली बसलं की हद्द दिसायला लागते आणि ती गेल्या वर्षी होती तिथे दिसत नाही! मी बत्तीस वर्षं मोजणीदार होतो, साखळी ओढली, नकाशा काढायचं फलकयंत्र खांद्यावर घेऊन डोंगर चढलो, शेवटी शेवटी उपग्रहावरून मोजणाऱ्या रोव्हरची काठीपण धरली. वकील नाही, त्यामुळे कोर्टाचं वकिलाला विचारा, जमिनीवरचं मला विचारा.

प्रश्न: सासरचं घर मालवण तालुक्यात, आम्ही डोंबिवलीत. गणपती आणि मे महिना सोडला तर घर बंद असतं. मागच्या परड्यात आमच्या आणि चुलत दिरांच्या मध्ये जुना दगडी गडगा होता, साधारण साठ फूट, तो दोन वर्षांपूर्वी पावसात ढासळला. दिरांचा फोन आला, वयनी काळजी करू नका, मी चिरे आणून बांधून घेतो, निम्मे तुम्ही द्या. बावीस हजार जीपेवर पाठवले. मधे आजारपणात गावी जाणं झालं नाही, यंदा गणपतीत गेलो तर मी हाताने लावलेला रातांबा (कोकमाचं झाड) गडग्याच्या पलीकडे! विचारलं तर म्हणाले तो आधीपासून थयच होतो, तुमका आठवत नाय. मिस्टर म्हणतात भावकीत वाईटपणा नको. आमच्याच पैशाने आमचीच जागा गेली, काय करू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: ताई, निम्मे पैसे दिले म्हणजे जागा दिली असं होत नाही. जमीन जीपेवर जात नसते, तिला नोंदणी केलेला दस्त लागतो. उलट तो जीपेचा मेसेज आणि दिरांशी झालेलं व्हॉट्सॲप जपून ठेवा, कारण नवा गडगा कधी झाला त्याची तारीख त्यात सापडते आणि तारखेला किंमत आहे. दुसऱ्याच्या जागेत माणूस उघडपणे मालक म्हणून 12 वर्षं बसला आणि खरा मालक गप्प राहिला तर नंतर जागा परत मागणं फार अवघड होतं. तुमची दोनच झालीत, घाई नाही, पण "बघू पुढच्या मे महिन्यात" असं दहा वेळा पण करू नका.

आता लोक जे विचारायचं विसरतात ते. तुमचा सातबारा वेगळा आहे का? कोकणात कितीतरी घरांचा अजून सामाईक आहे, पणजोबांच्या खाली पंचवीस-तीस वारसांची रांग, निम्मे मुंबईला, दोन-चार वारलेले, आणि आतले गडगे म्हणजे आजोबांनी एका दुपारी हे तुझं हे माझं म्हणून घातलेले. तसं असेल तर मोजणीवाला येऊन बाहेरची हद्द दाखवेल आणि जाईल, कारण आतल्या गडग्याची रेघ सरकारी नकाशात नाहीच. मग आधी वाटप. सगळे राजी असतील तर तहसीलदाराकडे, जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली, नसतील तर दिवाणी कोर्ट. आणि घरपट्टीची पावती दाखवून "हा बघा पुरावा" म्हणू नका, तिच्यावरून जमिनीची मालकी ठरत नाही. माझ्यासमोर ती पावती लॅमिनेट करून आणणारे लोक मी पाहिलेत.

सातबारा वेगळा असेल आणि नकाशात पोटहिश्श्याची, म्हणजे तुमच्या वेगळ्या तुकड्याची, रेघ असेल तर हद्द कायम मोजणीचा, म्हणजे हद्द कुठे आहे ते जमिनीवर दाखवून घ्यायचा, अर्ज करा, आता तो ऑनलाइन होतो. डिसेंबर 2024 पासून जे दर आले त्यात ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला 2000 रुपये आणि द्रुतगतीला 8000. पैसे भरलेत म्हणून ऑफिसात चकरा मारायच्या नाहीत असं समजू नका, माराव्या लागतात.

पण अर्जाच्या आधी दिरांना फोन करा, हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. कारण अर्ज झाला की लगतच्या खातेदाराला नोटीस जाते, आणि सरकारी लखोटा पोस्टमन घेऊन आला की गावात संध्याकाळपर्यंत "वयनीन केस घातली" असं होतं, मग मोजणी राहते बाजूला आणि पुढच्या गणपतीत आरतीला कोण कोणाकडे जायचं यावर भांडण. फोनवर "तुम्ही जागा खाल्ली" हा शब्दच काढायचा नाही. म्हणायचं, पोरांच्या वेळेला गोंधळ नको म्हणून एकदा मोजून घेतोय, तुम्ही पण उभे रहा. मिस्टरांना हेच सांगा, मोजणी मागितली म्हणजे वाईटपणा घेतला असं नाही, आणि तसाही वाईटपणा आलेलाच आहे, तो फक्त तुम्ही एकट्या गिळताय.

मोजणीच्या दिवशी स्वतः हजर रहा, चुलत पुतण्याला पाठवून भागत नाही. खुणेचे दगड, खुंट्या, चुना, रान साफ करायला माणूस हे सगळं अर्जदाराने बघायचं असतं. खुणा झाल्या की प्रत्येक दगडापाशी फोटो काढा आणि नंतर क प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची अर्जदाराला मिळणारी प्रत, घ्यायला विसरू नका, तीच पुढे कामाला येते. आणि मोजणीदार गडगा पाडून देत नाही, तो फक्त रेघ दाखवतो. ताबा द्यायचा अधिकार त्याला नाही.

आता गडग्याचं एक सांगतो. जुना दगडी गडगा खाली दोन-अडीच फूट रुंद असतो, नवा चिऱ्याचा एकाच चिऱ्याच्या जाडीचा. म्हणजे गडगा बदलला की दीड फूट पट्टा मोकळा होतो, तो कोणाचा? सामाईक गडगा असेल तर हद्द त्याच्या मधोमध धरतात, म्हणून नवी भिंत मधोमध यायला पाहिजे. बांधणारा मात्र ती शेजाऱ्याच्या बाजूच्या कडेला नेतो, आणि कधीकधी तर हे मुद्दाम नसतं, गवंडी दोरी बांधतो आणि मालक चहा आणायला गेलेला असतो. पण तुमच्याकडे तर झाड पलीकडे गेलंय म्हणजे एवढ्याने भागलेलं दिसत नाही.

एका गावात अशाच भांडणात मी दोघांना म्हटलं कुदळ आणा. गडगा ढासळतो तो वरचा, सगळ्यात खालचा थर मातीत रुतलेला तसाच राहतो. अर्धा फूट माती ओढली तर काळे पडलेले, मुळं घुसलेले दगड एका रांगेत, नव्या भिंतीपासून चार फुटांवर. ज्याने भिंत बांधली होती तो काही बोलला नाही, उकिडवा बसून एकेक दगड हाताने चाचपत राहिला. त्याच्या बापानेच ते लावले होते. तुमच्या दिरांनी जुने दगड नव्या कामात वापरले नसतील तर तुमच्याकडे पण हे सापडेल, मे महिन्यात बघा, पण दोन्ही घरची माणसं समोर असताना, नाहीतर उद्या म्हणतील तुम्हीच पुरले.

साठ फूट लांबीत पाच फूट आत आले असं धरलं तर 300 चौरस फूट, म्हणजे पाव गुंठ्याहून थोडं जास्त. भिंत पाडून परत बांधायचा खर्च आणि कोर्टाची वर्षं याच्यासमोर ठेवून बघा. मी तुमच्या जागी असतो तर भिंत पाडायला लावली नसती, पण मोजणी झाल्यावर दोघांच्या सह्यांचा कागद केला असता की हद्द क प्रतीप्रमाणे आहे, ही भिंत हद्द नाही, सोयीसाठी उभी आहे, आणि रातांबा आमचा. वकिलाकडून नीट लिहून घ्या, दोन साक्षीदार. रातांबे काढायला दरवर्षी जायचं मात्र, सोलं करा नाहीतर वाटून टाका, पण झाडाखाली तुमचे पाय दिसले पाहिजेत.

सहीच करत नसतील तर मग गावातली तंटामुक्त समिती, नाहीतर वकिलाची नोटीस आणि कोर्ट. बायकांना तालुका विधी सेवा समितीकडून उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फक्त सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर, मिस्टरांचं एकट्याचं असेल तर दावा त्यांनाच करावा लागेल. आणि लोकअदालतीत तडजोड झाली की त्यावर अपील नाही, सही करायच्या आधी चार वेळा वाचा.

प्रश्न: शेजारचा दरवर्षी नांगरताना एक तास (नांगराची एक ओळ) बांधात घालतो. लहानपणी या बांधावरून बैलगाडी जायची, आता मांजर पण अंग चोरून जाईल. बोललं की ड्रायव्हरने केलं म्हणतो. मी पण माझ्या बाजूने कोरायला लागू का? (शेतकरी, बार्शी तालुका)

उत्तर: नका कोरू राव. दोघं कोरायला लागले की बांधच संपतो. तुमचा राग मला कळतो. हिशोब बघा, आमची जुनी साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे, साखळीभर लांब साखळीभर रुंद म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट. बांध सहाशे फूट असेल आणि वर्षाला फूटभर गेला तर अर्ध्या गुंठ्याहून जास्त एका नांगरटीत गेलं. दहा वर्षांत पाच-साडेपाच गुंठे, तेही कागदावर काहीच न होता.

ड्रायव्हरचं म्हणाल तर ते अर्धं खरं असतं, त्याला हद्द माहीत नसते, ट्रॅक्टर वळवायला जागा पाहिजे असते आणि पलटी नांगर कडेला माती ओढतोच. म्हणून शेजाऱ्याशी वर्षभर हुज्जत घालण्यापेक्षा त्याची नांगरट असेल त्या दिवशी बांधावर जाऊन बसा, ड्रायव्हरला चहा द्या, कुठून वळायचं दाखवा. मी हे गमतीत सांगत नाही.

नंतर उन्हाळ्यात मोजणी करून घ्या आणि खुणेचे दगड खोल गाडा, वर हातभर दिसतील असे. हद्दीच्या खुणा शाबूत ठेवणं ही कायद्याने दोन्ही खातेदारांची जबाबदारी आहे आणि मुद्दाम उपटल्या तर दंड आहे. दगडांच्या मधे घायपात लावा. झाडं लावू नका, पाच वर्षांनी तुमच्या झाडाचा वसवा (सावलीने पीक खुरटणं) त्याच्या ज्वारीवर पडतो म्हणून तो तहसीलला जाईल. बांधावरचा वहिवाटीचा रस्ताच त्याने बंद केला असेल तर तो विषय वेगळा, तिथे 1906 च्या मामलतदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. लोक सातव्या महिन्यात येतात.

प्रश्न: लेआउटमध्ये प्लॉट घेतला, घर बांधून राहिलो. बाजूच्या प्लॉटवाल्याला म्हटलं वॉल कंपाउंडचे अर्धे दे, तर तो म्हणते मला गरजच नाही. वसूल करता येईल का? (नागपूर)

उत्तर: नाही. शेजाऱ्याने कुंपणाचे अर्धे पैसे दिलेच पाहिजेत असा कायदा आपल्याकडे नाही. परदेशात काही ठिकाणी आहे, म्हणून इंटरनेटवर वाचून लोक मला पाठवतात. तो आधी हो म्हणाला असता आणि तुमच्याकडे लिहून असतं तर गोष्ट वेगळी. आता पूर्ण भिंत तुमच्या रेघेच्या आत घ्या, आणि आत म्हणजे जमिनीखालचा पायासुद्धा, वरची भिंत बरोबर आणि पाया सहा इंच पलीकडे अशी प्रकरणं ढीगभर आहेत. पावसाचं पाणी त्याच्याकडे ढकलू नका. खर्च सगळा तुमचा पण भिंतही सगळी तुमची, उद्या तो तिच्यावर शेडचे अँगल ठोकायला आला तर तुम्ही नाही म्हणू शकता.

प्रश्न: शेजाऱ्याची गुरं रोज कुंपण मोडून आत येतात. तारेत रात्रीपुरता करंट सोडला तर? (नाव नको)

उत्तर: नाव न दिलंत ते बरं केलंत. अजिबात नाही. घरची लाइन तारेत सोडणं गुन्हा आहे आणि त्याने गुरू मरतं, रानडुक्कर मरतं आणि पहाटे डबा घेऊन निघालेला माणूसपण मरतो, मग सदोष मनुष्यवध लागतो. सौर कुंपण वेगळं, त्याच्या मशीनमधून क्षणभराचे झटके येतात, जनावर दचकून मागे सरतं. ते घ्या. आणि गुरं कोंडवाड्यात घालायची सोय अजून कायद्यात आहे, ग्रामपंचायतीला विचारा, एकदा सोडवायला पैसे भरावे लागले की दावं आपोआप बांधलं जातं.

प्रश्न: शेजारच्या आंब्याच्या फांद्या आमच्या कौलांवर आल्यात, तोडू का? (चिपळूण)

उत्तर: आधी त्यांना सांगा, तेही कौलाचा फोटो पाठवून, कारण त्यांच्या बाजूने त्यांना नुसता मोहोर दिसतो. आंबा आणि फणस 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे बुंध्याला परस्पर हात लावायचा नाही, आणि तुमचं घर नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर फांद्या छाटायलाही पालिकेची परवानगी काढावी लागते. अर्ज त्यांच्या नावाने गेला तर बरं, झाड त्यांचं आहे. कापायला माणूस बोलवाल तेव्हा मजुरी तुम्ही द्या आणि लाकूड त्यांच्या अंगणात टाका. आणि हे सगळं मोहोर यायच्या आधी करा, फळ धरल्यावर फांदी कापू द्यायला कोणी तयार होत नाही, मीसुद्धा झालो नसतो.