शिलाई झाली, ब्लाऊज गेला, पैसे राहिले

प्रश्न : मी लालबागला चाळीतल्या घरातूनच ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. हाताखाली कोणी नाही, माप घेण्यापासून हुक लावण्यापर्यंत सगळं मीच. गणपती ते दिवाळी मान वर करायला फुरसत नसते आणि दिवाळी सरली की वहीत बाकी उरते. आत्ता अकरा जणींकडे मिळून १८,६०० रुपये अडकलेत. त्यातले ६,४०० दादरच्या एका बुटीकवालीकडे, बाकीचे ओळखीच्या बायकांकडे. एकीचे ९०० तर चार वर्षांपूर्वीचे. मागितले की "पळून चाललेय का मी?" हे ऐकायचं. त्यातल्याच एकीचा नवा ब्लाऊज शिवून तयार आहे. जुने पैसे येईपर्यंत तो अडवून ठेवू का? आणि एवढ्याशा रकमेसाठी कोर्टात जाता येतं का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, आधी त्या ब्लाऊजचं बघू. तुमचा प्रश्न १८७२ सालच्या करार कायद्यात जवळजवळ जसाच्या तसा सापडतो. कलम १७० म्हणतं, दुसऱ्याच्या वस्तूवर तुम्ही कसब आणि मेहनत खर्च केलीत, तर ठरलेली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. खाली उदाहरणाला चक्क शिंपीच घेतलाय, कोट शिवणारा. पण त्या शिंप्याने "शिवून झाला की लगेच देतो, पैसे तीन महिन्यांनी द्या" असं कबूल केलं असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. म्हणजे "द्या हो वहिनी सावकाश" हे आपण सवयीने म्हणतो ना, तिथेच हात बांधले जातात.

दुसरी मेख अशी, की हा हक्क त्याच कपड्याच्या शिलाईपुरता. मागच्या दिवाळीच्या बाकीसाठी आजचा ब्लाऊज अडवायचा नाही. आजची शिलाई रोख घ्या आणि ब्लाऊज देऊन टाका. पुढचं कापड मात्र जुनं खातं मिटल्याशिवाय हातात घेऊ नका. काम नाकारायला कुठलं कलम लागत नाही.

आता माझी चूक सांगतो, तुम्ही करू नका. गिरगावात माझी लाँड्री होती. "आज रोख उद्या उधार" ही पाटी मीही लावली होती आणि मीच ती पाळत नव्हतो. एका मे महिन्यात डोकं फिरलं आणि थकबाकीदारांची नावं खडूने फळ्यावर लिहून दाराशी टांगली. चौथं नाव समोरच्या चाळीतल्या एका मास्तरांचं होतं, ३४० रुपये. त्याच संध्याकाळी ते आले, सगळी रक्कम सुट्या नाण्यांत काउंटरवर मोजली आणि एक शब्द न बोलता गेले. त्यानंतर त्यांच्या मजल्यावरचा एकही शर्ट माझ्याकडे इस्त्रीला आला नाही. हल्ली फळ्याच्या जागी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आलाय. तिथे नाव टाकलंत तर धंदा जाईलच, वर बदनामीची तक्रार तुमच्यावरच.

मागायचं ते एकेकीला, आकड्यासकट. "वहिनी, माझं तेवढं बघा ना" याला उत्तर "हो हो" एवढंच येतं. त्यापेक्षा असं लिहा : "नमस्कार वहिनी. १२ ऑगस्टला नेलेले दोन ब्लाऊज, अस्तरासह शिलाई १,१००. आगाऊ ३००, बाकी ८००. शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवाल का? एकदम जमत नसेल तर ४०० शनिवारी आणि ४०० पगाराला चालतील." हप्ता आपणच सुचवला की अडचणीत असलेली बाई तोंड चुकवत नाही. आणि "हो, ८०० आहेत, देते" एवढं उत्तर आलं तरी बाकी मान्य असल्याचा पुरावा हातात येतो.

पुरावा लागतो, कारण अशा पैशांचा दावा साधारण तीन वर्षांच्या आतच लावता येतो. ती मुदत उलटण्याआधी देणेकऱ्याने सही करून बाकी कबूल केली, तर तिथून नवी तीन वर्षं मिळतात. यासाठी मेसेजपेक्षा सहीचा कागद भक्कम. तुमचे ते ९०० या हिशेबात बसत नाहीत. एकदा गोडीत मागून बघा, नाहीतर वहीत त्यावर रेघ मारा.

बुटीकवालीला वहिनींच्या रांगेत बसवू नका. ती तुमच्या शिलाईवर धंदा करते. तिला तारीखवार बिल द्या, मग स्पीड पोस्टाने मागणीचं पत्र पाठवा आणि पोचपावती जपा. चेक दिला आणि तो परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यावर तिला पैसे द्यायला १५ दिवस असतात. तेही उलटले तर पुढच्या महिनाभरात फौजदारी तक्रार करता येते.

तोवर 'उद्यम' ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करून घ्या, ऑनलाइन होते आणि फुकट. नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या 'बँक दरा'च्या तिप्पट व्याज चढतं. जुन्या ६,४०० साठी मात्र त्यावर विसंबू नका, नोंदणीनंतरच्या कामाला तो आधार धरा.

कोर्टात जाता येतं. मुंबईत १०,००० रुपयांपर्यंतच्या पैशाच्या दाव्यांसाठी धोबीतलावला लघुवाद न्यायालय आहे. पण ६,४०० साठी शिलाईचे किती दिवस बुडतील, ते आधी मोजा. मी असतो तर आधी विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अर्ज करून दावा लावण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत नेलं असतं. तिथे कोर्ट फी नाही आणि तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं वजन असतं. समोरची यायला तयार हवी, एवढीच अडचण. स्त्रियांना तिथे वकीलही मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आणि कार्बनचं एक पावतीपुस्तक आणा. माप लिहून घेतानाच शिलाई, आगाऊ आणि नेण्याची तारीख लिहायची आणि खाली गिऱ्हाइकाची सही घ्यायची. आगाऊ निम्मे. कुणी नाक मुरडलं तर पुस्तकाकडे बोट दाखवा आणि म्हणा, "सगळ्यांनाच आहे हो."