नोकरी दुबईची, व्हिसा फिरायला जायचा

प्रश्न : कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी फाउंड्रीत मोल्डर आहे. शिक्षण नववी. दुबईत नोकरी लावतो म्हणून कोल्हापुरातल्या एका एजंटानं १ लाख ८० हजार घेतले. ६० हजार फोनवरून पाठवले, बाकी रोख, आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून. पावती नाही. आता हातात ६० दिवसांचा टुरिस्ट व्हिसा दिलाय. ‘तिथं गेल्यावर बदलून घेऊ, विमानतळावर मामाकडं चाललोय म्हण,’ असं सांगतो. पासपोर्ट आणि सही केलेला कोरा चेक त्याच्याकडंच आहे. जाऊ का?

उत्तर : जाऊ नका. तिकीट काढलं असलं तरी नको.

दहावी झालेली नाही म्हणजे तुमचा पासपोर्ट ‘ईसीआर’, म्हणजे नोकरीला बाहेर जाताना सरकारी तपासणी लागणारा, असणार. त्यावर युएईत नोकरीला जायचं तर सरकारच्या ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ची मंजुरी लागते. ती घेताना मालक कोण, पगार किती, करार काय हे सगळं नोंदलं जातं. १० लाखांचा प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. एजंटाला नेमकी हीच नोंद नको आहे. तो मामा त्यासाठीच जन्माला घातलाय! टुरिस्ट व्हिसावर काम करणं तिकडं बेकायदा. पगार थकला तर तक्रार करायची सोय राहत नाही, कारण आधी तुम्हीच अडकता.

सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर एजंटाचं नाव आहे का बघा. नोंदणीकृत एजंटालाही ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. नोंदणी नसेल तर १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. दंड मात्र दोन हजारांपर्यंतच. १९८३चा भाव अजून तोच आहे. म्हणून फिर्यादीत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), म्हणजे फसवणूक, लावायचा आग्रह धरा. तिथं सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘हा पैशाचा व्यवहार आहे, कोर्टात जा,’ असं ठाण्यात ऐकवतील. तेव्हा व्हिसाची प्रत आणि नोकरीचं आश्वासन देणारे व्हॉट्सॲप मेसेज पुढं ठेवा. रोख रकमेला पावती नसली तरी सोनं तारणाच्या पावतीवर तारीख आणि रक्कम आहे. ती जपून ठेवा.

पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता. तो अडवून ठेवायचा एजंटाला काडीचा अधिकार नाही. वकिलामार्फत नोटीस पाठवून सात दिवसांत परत मागा. नवा काढायला ‘हरवला’ असं खोटं लिहून देऊ नका. खोटी माहिती देणं पासपोर्ट कायद्यानं गुन्हा आहे, आणि फिर्यादीत तुम्ही उलटेच सापडाल.

चेकचं आजच करा. बँकेला लेखी कळवून पेमेंट थांबवा. नुसतं थांबवून भागणार नाही, चेक परत गेला की कलम १३८ची, म्हणजे चेक न वटल्याची, केस टाकता येते. म्हणून एजंटालाही स्पीड पोस्टानं कळवा, की चेक कोरा दिला होता, कसलंही देणं नाही. दोन्ही पत्रांची पोच नोटिशीच्या फाइलला लावा आणि मगच पोलीस ठाण्यात जा.